धुतलेला डबा

१

विश्रामबागेतल्या माझ्या खोलीबाहेर एक स्टूल आहे. दुपारी बाराला शालूबाई त्यावर डबा ठेवतात आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन जातात. कांदा-बटाटा त्यात नसतो, घरचा जैनपणा माझ्यात तेवढाच उरलाय. अर्धं जेवण दुपारी, अर्धं दिवस मावळायच्या आत, आणि खरकटा डबा तसाच बाहेर. तो मी धूत नाही. पहिल्याच महिन्यात शालूबाई म्हणाल्या होत्या, "छत्तीस वर्सं लोकांची धुणी धुतलीसा, आता भांडी काय धुणार तुमी." तेव्हापासून ते ठरून गेलं. छत्तीस वर्षं एका जिल्हा दैनिकात काढल्यावर माणसाला असं बोलणं लागत नाही. निवृत्त झालो तरी सोमवारचा अर्धा स्तंभ अजून माझाच आहे.

ऑगस्टात एका दुपारी डबा उघडत होतो, तेव्हा हरणाबाई आल्या. बरोबर त्यांचे दीर नानासो. जत भागातली माणसं. घरात पूर्वी मेंढरं, आता थोडी मेंढरं आणि थोडी बाजरी. हरणाबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्या टेबलावर मांडले आणि पदर सारखा करून बसल्या. बोलले ते नानासो.

मे महिन्यात समुद्रात वादळ झालं आणि कोकणातल्या किनाऱ्याच्या रेल्वेचा भराव एका खाडीपाशी वाहून गेला. दोनशे फूट रूळ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे अधांतरी लोंबत होते. दुरुस्तीला एका ठेकेदारानं यांच्या गावातली तेरा माणसं नेली. बारा जण रुळावर, आणि तेरावा, हरणाबाईंचा नवरा बिरदेव, वळणापलीकडं पहाऱ्याला. इंजिन दगड घेऊन येताना दिसलं की त्यानं शिट्टी मारायची आणि बारा जणांनी रुळावरून बाजूला व्हायचं. समुद्राच्या गाजेत इंजिनाचा भोंगाही ऐकू येत नव्हता म्हणे.

सोमवारी बिरदेवचं प्रेत खाडीच्या चिखलात मिळालं. डॉक्टरनं लिहिलं, मृत्यू होऊन चार ते सहा दिवस. त्याचा फोन बुधवारी दुपारी तीननंतर बंद. म्हणजे बुधवार. पण ठेकेदाराच्या वहीत लिहिलं होतं : शनिवारी काम सोडून पळाला. आणि गँगच्या बाराही माणसांनी पोलिसांना जबाब दिला होता, की शनिवारी दिवस मावळेपर्यंत बिरदेवची शिट्टी येत होती.

मी विचारलं, माझ्याकडून काय हवं?

हरणाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "गावात म्हनत्यात पळाला. त्ये म्हनूद्यात. पन वर्सानं त्येच्या नावानं पान वाढायचं, त्ये कुठल्या दिसाला? बुधवारची तिथ येगळी, शनवारची येगळी. चुकीच्या दिशी वाढलं तर कोन जेवनार?" मग म्हणाल्या, "आन् त्ये ठरत न्हाई तवर माजी नजर दाराकडनं हलत न्हाई, अण्णा."

आमच्याकडं श्राद्ध नसतं. तिथीची निकड मला अंगानं कळत नाही. पण बारा माणसांचा एकसारखा जबाब मला फार चांगला कळतो. खरं सांगणाऱ्या बारा माणसांची बारा वाक्यं असतात. एकच वाक्य बारा तोंडांतून आलं की समजावं, ते कुणीतरी घालून दिलंय.

२

ती गँग तेव्हा कोरेगावजवळ होती. पावसानं खडी खचली होती आणि त्याच ठेकेदाराकडं ते काम होतं. मी सकाळच्या गाडीनं गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधून लाइन, आणि पहारी घेऊन ओणवी झालेली बारा माणसं. मुकादम आप्पासो, पन्नाशीचा, डोक्याला मळका रुमाल. मी आडपडदा ठेवला नाही. विचारलं, ठेकेदारानं काय दिलं खोटं बोलायला?

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेला माणूस चुकतो आणि मला पुढं जाता येतं. त्यानं पहार टेकवली आणि एवढंच म्हणाला, "शिट्टी येत हुती, सायेब."

दुसऱ्या कुणाची असेल, मी म्हणालो. त्यावर पलीकडून अर्जुना नावाचा माणूस हसला. रेल्वेची प्लॅस्टिकची शिट्टी बिरदेवच्या खिशातच राहायची, तो दोन बोटं तोंडात घालून मारायचा, मेंढरं वळवायची शिट्टी. ती ज्याची त्याची असते. ट्रॉलीला आखूड, इंजिनाला लांब, मालगाडीला त्याहून लांब. "आवं, मेंढरालाबी कळती, आमाला कळनार न्हाई?"

मग मी नेमका प्रश्न विचारला. बुधवार ते शनिवार, चार दिवसांत त्याला डोळ्यांनी कुणी पाहिलं?

कुणीच नाही. बिरदेव झोपायलाही पलीकडच्या रिकाम्या चौकीत असायचा. आप्पासोनं समजावून सांगितलं, त्याचा अर्थ असा. कळप चालतो तेव्हा एक माणूस पुढं कडेला असतो. तो दिसत नाही. त्याची शिट्टी आली की कळप वळतो. तो आहे का बघायला मागचा माणूस जात नाही. गेला की कळप उभा राहतो, आणि कडेचा माणूस म्हणतो, माझ्यावर भरोसा नाही का. बापजाद्यांपासूनची चाल. रुळावरही त्यांनी तीच पाळली. मला ही चाल ऐकून संताप आला. चार दिवस एक माणूस चिखलात पडलेला, आणि हे भरोसा राखत होते.

जेवत काय होता मग तो, मी विचारलं.

डबा वळणावरच्या किलोमीटरच्या दगडाशी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी रिकामा मिळायचा.

"कुत्र्यानं खाल्ला असेल."

आप्पासोनं माझ्याकडं पाहिलं. "धुतल्याला असायचा, सायेब. तळाला जराशी वाळू. काळी, बारीक."

यावर मी काहीतरी लागट बोलणार होतो. तेवढ्यात बाराही माणसांनी पहारी उचलल्या आणि ती रुळावरून उतरली. कुणी कुणाला काही बोललं नाही. अर्जुनानं माझ्या दंडाला धरून मला खडीवरून खाली ओढलं. मी पंचवीसपर्यंत मोजलं असेल, आणि उसाच्या वळणामागून गाडी आली.

मला शिट्टी ऐकू आली नव्हती. आणि गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की वळणावर पहाऱ्याला माणूसच नव्हता. सकाळपासून नव्हता.

३

परतीच्या गाडीत मी कारणं शोधत राहिलो. रुळातून थरथर पायांना लागते. जुन्या माणसांच्या अंगात गाड्यांच्या वेळा बसतात. कारणं चांगली होती. फक्त एक अडचण होती : ती गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती.

गँगमधल्या नाथाजीनं मला एक चित्रफीत पाठवली होती. किनाऱ्यावर असताना, शुक्रवारी सकाळी, घरी दाखवायला म्हणून त्यानं फोनवर घेतलेली. तारीख-वेळ फोनमध्येच नोंदलेली, तिच्यात फेरफार केलेला दिसत नव्हता. त्यानं सोबत म्हटलं होतं, यात शिट्टी हाय, ऐका.

मी कानाला हेडफोन लावून टेबलाशी बसलो. दोन मिनिटं दहा सेकंद. राखाडी पाणी, सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून रचलेला भराव, ओली माणसं. पहारीचा टणत्कार, आणि या सगळ्यावर सतत समुद्र. एक मिनिट सव्वीस सेकंदांना माणसं एकदम सरळ होतात आणि बाजूला होतात. थोड्या वेळानं इंजिन जातं. शिट्टी नाही.

मला बरं वाटलं. खोटं सापडलं. खात्री म्हणून पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. चौथ्यांदा मला कळलं की मी चुकीची गोष्ट ऐकत होतो. काहीतरी येतंय का, याकडं माझं लक्ष होतं. एक मिनिट सव्वीसला काहीतरी जात होतं. समुद्र जात होता. पाणी दिसत होतं, लाट फुटताना दिसत होती, पहार दगडावर आपटताना दिसत होती, आणि आवाज कशालाच नव्हता. मी घड्याळ लावलं. चार सेकंद. मग सगळं पूर्ववत.

फोनचा दोष असेल. पाण्यात भिजलेला फोन. असा दोष असू शकतो, हे मी आमच्या कचेरीतल्या एका जाणत्या मुलीला, प्रियदर्शनीला विचारूनही घेतलं. ती म्हणाली, असू शकतो. मग म्हणाली, "पण काका, दोष असता तर त्या जागी बारीक खरखर तरी राहिली असती. इथं काहीच नाही. जणू त्या वेळी फोन तिथं नव्हताच."

४

आठवड्यानं पुन्हा कोरेगावला गेलो. या वेळी माझ्याकडं आरोप नव्हता, पण राग होता, आणि त्याला कारण होतं. पहाऱ्याचा माणूस न नेमता रुळावर काम करवणं म्हणजे माणसं मारायला काढणं. मी तसं आप्पासोला सुनावलं. बारा घरं आहेत तुमच्यामागं. तुम्ही ठेकेदाराकडं माणूस मागत का नाही?

"मागिटला. तीनदा." तो उसाच्या सावलीत भाकरी सोडत होता. "त्यो म्हनतो, चाललंय की तुमचं. कुनाला खरचटलंय का? आता काय सांगू त्येला?"

म्हणजे ठेकेदाराला ठाऊक होतं. तो यांच्या वेडावर एका माणसाची मजुरी वाचवत होता. आधी बिरदेवच्या जिवावर काम चालवलं, तो मेल्यावर त्याच्याच शिट्टीवर. मी वही काढली.

आप्पासोनं भाकरी खाली ठेवली. "काय लिवनार?"

मी सांगितलं. बिरदेव बुधवारी मेला. पळाला नाही, कामावर मेला. त्यानंतर पहाऱ्याला कुणी नाही, आजही नाही.

"बुधवार लिवू नका."

त्याच्या बायकोला तारीख हवी आहे, मी म्हणालो.

"ठावं हाय मला. माजी मामेभन हाय ती." त्यानं वळणाकडं पाहिलं. "त्येला कळलं न्हाई अजून, सायेब. बुधवारी भराव सुटला, त्ये त्येला कळलंच न्हाई. म्हनून त्यो हुबा हाय. तुमी छापलंसा, तिकडं गावात पान वाढलं, की कळंल. मग आमच्या म्होरं कोन?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. छत्तीस वर्षं असल्या गोष्टींना मी उत्तरंच देत आलोय. तोंड उघडलं, आणि माझा आवाज मला ऐकू आला नाही.

आधी वाटलं, कान दडपले. उसाची पाती हलत होती आणि सळसळ नव्हती. पलीकडच्या मोटारीतून पाणी पडत होतं, बिनआवाज. माणसं रुळावरून उतरत होती, त्यांच्या बुटांखाली खडी सरकत होती, तिलाही आवाज नव्हता. मी वळणाकडं पाहिलं. तिथं ऊस रुळाच्या दोन हातांवर आलेला आहे. त्या कडेला, पात्यांच्या आत, जागा होती. माणूस उभा राहिला की पाती जशी दोन्हीकडं सरून राहतात, तशी. वारा होता, बाकी सगळा ऊस हलत होता. तेवढीच पाती हलत नव्हती, आणि ती ओली होती. मोटारीचं पाणी तिथवर पोचत नाही.

मग सळसळ परत आली, मोटार परत आली, आणि पाठोपाठ मालगाडी. डबे मोजायचं मला सुचलं नाही. गाडी गेल्यावर कडेचा ऊस सरळ उभा होता.

"आयकलंसा?" आप्पासोनं विचारलं.

मी नाही म्हणालो. ते खरं होतं. त्यांना शिट्टी ऐकू येते. मला फक्त तिच्यासाठी झालेली जागा कळली होती.

५

दोन दिवस मी मजकूर लिहून ठेवला आणि पाठवला नाही. असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. एका बाजूला बाई, जिची नजर दारावरून हलत नाही. दुसऱ्या बाजूला बारा माणसं, जी भरोशावर जिवंत आहेत. पण कसला भरोसा? उद्या ती शिट्टी नाही आली तर? जिवंत माणसाला लाल झेंडा देऊन उभं करणं, एवढी साधी गोष्ट. ती होत नाही कारण ती न करता चालतंय. आपल्याकडं सगळं असंच चालतं, कुणीतरी मेलेला माणूस काम ओढत असतो आणि जिवंत माणसं म्हणतात, चाललंय की.

सोमवारी छापून आलं. बिरदेव बुधवारी गेला, दुपारी तीननंतर, कामावर असताना, भराव खचून. पळाला नाही. ठिकाण, वेळ, डॉक्टरचा कागद, फोनची नोंद, सगळं. बारा जबाबांबद्दल मी एवढंच लिहिलं, की ते चुकीच्या समजुतीवर दिलेले आहेत. शांततेबद्दल लिहिलं नाही. पुरावा नसलेलं मी छापत नाही.

परिणाम झाला. मंगळवारीच कोरेगावला झेंडा आणि शिट्टी देऊन नाथाजीला वळणावर उभं केलं गेलं. ठेकेदाराच्या वहीतलं 'पळाला' खोडलं. गावात पंचांग बघून बुधवारची तिथी धरली आणि वर्षाची वाट न बघता, राहिलेलं म्हणून, एक पान वाढलं. हरणाबाईंचा फोन आला. पान वाढून झाल्यावर त्या उंबऱ्याकडं पाठ करून बसल्या, आणि पहिल्यांदाच जेवण गोड लागलं, असं म्हणाल्या. "आता नजर हलली बगा, अण्णा. तुमचं लय उपकार."

आप्पासोचाही फोन आला. तक्रार नव्हती. नाथाजीची शिट्टी येते, माणसं उतरतात, गाडी जाते. पण पहार मारताना हरेकजण मान वर करून वळणाकडं बघतो. काम निम्म्यावर आलंय. तिघं गावी निघून गेले. "त्यो गेला, सायेब," तो म्हणाला. "सोमवारपास्नं न्हाई." मग त्यानं एक विचारलं, ज्याचा मला तेव्हा राग आला. "तुमच्याकडं काय न्हाई न्हवं?"

माझ्याकडं काय असणार, मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

६

शुक्रवारी दुपारी शालूबाई डबा घेऊन आल्या त्या खाली ठेवेनात. दारातच उभ्या.

"सायेब, डबा धुऊन देताय त्ये चांगलंच हाय. चार दिस बगतीया. पन वाळू कशापायी घालताय त्येच्यात? माजी जाळी तुंबली."

मी म्हणालो, मी डबा धूत नाही.

"मग शेजारी धुतोय व्हय?" त्या हसल्या आणि आदल्या दिवशीचा डबा माझ्या हातात देऊन जिना उतरल्या.

डबा स्वच्छ होता. तळाला चिमूटभर वाळू, काळी, बारीक, अजून ओली. कृष्णाकाठची वाळू मी ओळखतो, ती अशी नसते. जिभेला लावून पाहिली, खारट. नको होती लावायला.

मी आत येऊन टेबलाशी बसलो. बाहेर कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली, शेजारच्या घरात कुकर, डोक्यावर पंखा. मग त्यातलं काहीच नव्हतं. पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद दाराकडून खिडकीकडं एकामागून एक उचलले गेले आणि बसले, गाडी जाताना कडेचं गवत बसतं तसे. एक, दोन, तीन, चार. मग कुकरची शिट्टी.

सूचना कशी असते, ते मला आता ठाऊक आहे. काहीतरी येतंय, बाजूला व्हा, एवढंच ती सांगते. रुळावरच्या माणसाला ते पुरतं. गाडी कुठून कुठं जाणार ते रुळानं ठरवलेलं असतं, त्यानं चार पावलं खाली उतरायचं. माझ्या खोलीत रूळ नाहीत. मी उठून पुस्तकांच्या कपाटाशी उभा राहिलो, मग वाटलं तीच जागा चुकीची, म्हणून खिडकीशी गेलो. बासष्ट वर्षांचा माणूस, भर दुपारी, स्वतःच्या खोलीत जागा बदलत होता.

त्यानंतर रोज होतं. दुपारीच, डबा उघडायच्या वेळी. आता मी आधीच उठून भिंतीला पाठ लावतो आणि मोजतो. परवा अकरा. आप्पासोला फोन करून हे सांगितलं. मग त्यानं हळूच विचारलं, "आखूड हाय का लांब?"

काल मी एकोणीसपर्यंत मोजलं.